उलट फेरी

चियातुरात मी पाळणा चालवतो.
पोरांचा नव्हे, तारेवरचा.
खालच्या बाजारातून वरच्या वस्तीत,
मध्ये मँगनीजनं काळी झालेली क्विरिला नदी.

घरचा पाळणा मात्र हलेना.
शेजारणी माकवालाकडे बघत, माझ्याकडे नाही.
मी गप्प. नवरा म्हणून सगळं जमत होतं,
फक्त शेवटी
घंटा वाजायची, दार उघडायचं,
आत कोणी नसायचं.

कुतैसीच्या डॉक्टरीणबाईंनी
वहीच्या मागच्या पानावर चित्र काढलं.
"लहानपणापासूनची साखर तुमची. तिनं इथली नस बधिर केलीय.
ही झडप मिटत नाही, सगळं उलटं मूत्राशयात जातं.
हरवत नाही काही. वाट चुकतं."

वाट चुकतं.
इतकी वर्षं मी स्वतःसाठी
दुसराच शब्द वापरत होतो.

मग सोडा. रात्री ग्लासभर, पहाटे ग्लासभर.
माकवाला खाचापुरीच्या पिठात घालते तोच डबा.
लघवीचा आंबटपणा मारतो,
नाहीतर ते जीव तग धरत नाहीत म्हणे.
"फुगशील आता," ती म्हणाली,
आणि गाडीत आम्ही इतके हसलो
की ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं.

खोलीत खुर्ची, नळ, समुद्राचं कॅलेंडर, मागच्या वर्षीचं.
आधी रिकामा झालो. मग ते. मग बरणीत पुन्हा लघवी.
झाकण घट्ट लावून कोटाच्या आत धरून नेली,
बोळात समोरून आलेल्या म्हातारीला वाट दिली.

धुतलं, फिरवलं, तळाशी थेंब उरला.
प्रयोगशाळेतल्या पोरीनं मला भिंगाशी बोलावलं.
पळत होते!
कुणी गोल गोल, कुणी सरळ, एखादा जागीच थरथरत.
सवयीनं मी मोजायला लागलो.
आमच्या पाळण्यात आठच माणसं घेतात.

बारीक नळीतून तो थेंब आत सोडला. दोन मिनिटं.
माकवालानं माझा अंगठा धरला होता,
हात नाही, नुसता अंगठा.

हे नोव्हेंबरातलं. राहिलं नाही.
फेब्रुवारीत पुन्हा गेलो. त्याचं गुरुवारी कळेल.

आज दुपारी वीज गेली.
पाळणा मधल्या खांबाशी थांबला,
आत एक बाई आणि बटाट्यांची दोन पोती.
मी हातचाकाला भिडलो.
"वर नेतोस की खाली, ओतिया?" ती ओरडली.
"जे टोक जवळ येईल ते," म्हटलं,
आणि फिरवत राहिलो.