गेटवरची वही

दोन जागा, अकरा मुली.
मेसची टेबलं पुसून त्यावरच मांडलं कार्यालय :
मी, संख्याशास्त्राच्या साटम मॅडम,
आणि लेखनिक पाताडे, ज्यांची चारची एसटी.
टेबलाला कालच्या सोलकढीचा वास.
खिडकीबाहेर देवगडच्या सड्यावर
पवनचक्की फिरतेय, न फिरल्यासारखी.

गुणपत्रक वरून छापून आलंय.
नेतृत्व दहा, शिस्त दहा, संवादकौशल्य दहा,
संकटसमयी निर्णय दहा.
आणि 'इतर' दहा, ज्यात नेमकं काय बघायचं
हे कुणी लिहिलेलं नाही.

प्रश्न सगळ्यांना एकच :
रात्री दोनला शेजारच्या खोलीतून रडणं ऐकू आलं, तर?

ऋजुता मणचेकर म्हणाली, तत्काळ रेक्टरना कळवीन.
म्हणजे मला. मी मान हलवली,
आणि मनातल्या मनात चष्मा शोधत, चप्पल शोधत
दोन जिने चढले.
सुमैया मुकादम म्हणाली, आधी विचारीन, जेवलीस का?
निम्मं रडणं उपाशी असतं, मॅडम.
पाताडेंनी पहिल्यांदा कागदातून डोकं वर काढलं.
कुणी समुपदेशन म्हणाली, कुणी मेणबत्ती,
लाइट गेलेली असणार हे तिने धरूनच ठेवलेलं.
एकीने मलाच विचारलं,
रडायला बंदी आहे का नियमांत?
तिला शिस्तीत चार दिले.
मग चाराचे सहा केले, जरा वेळाने.

नववी तेजल कोयंडे.
खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली,
वरची टाकी भरली, पंप बंद करायला हवा.
आम्हा तिघांना काहीच ऐकू आलं नव्हतं.
पाताडे जाऊन आले. भरली होती.

साटम मॅडमनी गेटवरची वही पुढे सरकवली.
नारळीपौर्णिमेनंतरच्या आठवड्यात
तीनदा तिचं नाव, लाल शाईत :
रात्री अकरा पन्नास. एक दहा. पहाटे चार पाच.
"आणि तुला आम्ही दुसऱ्यांवर लक्ष ठेवायला नेमायचं?"

ती वहीकडे बघत राहिली,
ओळखीच्या माणसाकडे बघावं तशी.
बाबांची होडी आली नव्हती, म्हणाली.
जेटीवर गेले होते.
मग आवाज उतरला, भाषा घरची झाली :
"पण वेळ मी खोटी घालूक नाय, मॅडम.
काका निजलेले गेटवर, त्येंका उठवून सही केलंय."

मी पानं चाळली.
बाकी दहा जणींचं वर्ष स्वच्छ, कोरं, सुबक.
मागच्या भिंतीचा चुना मात्र
मधोमध झिजलाय,
एक मुलगी बसून पलीकडे पाय टाकेल
तेवढ्याच रुंदीत.
भिंत कमरेएवढी. सगळ्यांना ठाऊक.
मलाही.

रडण्याचं राहिलंच, मी म्हटलं.
"दार नाही वाजवणार," ती म्हणाली.
"बाहेर बसेन. मधे एकदा खोकेन,
म्हणजे आतल्या मुलीला कळेल, कोणीतरी जागं आहे.
जेटीवर बायका तशाच बसतात.
कुणी कुणाला विचारत नाही."

शिस्त : साटम मॅडमचे दोन.
'इतर'मध्ये मी दहा लिहिले, गिरवले, पुन्हा गिरवले.
तरी बेरीज चौतीस.
मणचेकर त्रेचाळीस. बेरीज काही ऐकत नाही.
पाताडेंची एसटी गेली.

पहिलं नाव मुकादम, त्यावर वाद नव्हता.
दुसऱ्या ओळीत आकडा घालून मी पूर्णविराम दिला
आणि नाव लिहिलं नाही.
उद्या दहाला यादी लावायची आहे.

रात्री जेवणानंतर पंप सुरू झाला.
मी खोलीतला पंखा बंद केला,
कान देऊन बसले पाइपाशी.
पाणी चढत होतं. एवढंच कळलं.
कुठवर आलं, किती राहिलं, काही नाही.

मग वर कुणाची तरी पावलं,
आणि बटण.