ळ

मंगळवारी सहाला स्टॉकपोर्टचा तलाव.
उतरण्याआधी केस साध्या पाण्याने चिंब करा,
म्हणजे क्लोरीनला आत शिरायला जागा उरत नाही,
हे मला ग्लेनिसने सांगितलं,
गळ्यातली शिट्टी चाचपत, माझ्याकडे न बघता.
तोवर मी नुसतं खोबरेल थापत होतो
आणि जुईच्या डोक्यावरून टोपी
ओल्या साबणासारखी निसटत होती.

घरी येईस्तोवर तरी केसांचा काथ्या होतोच.
मोठ्या दातांचा कंगवा,
आधी टोकं, मग वर वर.
"बाबा, हलू!"
तिची आई रात्रपाळीला. वॉर्डातून फोन,
एवढंच विचारते, गुंता निघाला का?
निघाला, म्हणतो.
एक कानामागे राहतो, तो उद्यावर.

मग पाय.
हीटरसमोर बसून ती नडगीवर नख ओढते.
कोरड्या कातडीवर पांढरी रेघ उठते.
आज तिथे तिने ळ काढलाय,
जिभेला न जमणारा,
तिच्या शाळेत कुणालाच न लागणारा.
दोन वेटोळी, एक जरा फुगलेलं.
"बघ, आला!"
आला खरा.

माझ्या तळहातावर क्रीम, गार.
एक हात फिरला की पाटी कोरी.
मी आधी दुसरा पाय घेतो.
टाच, घोटा, बोटांच्या बेचक्या,
पुन्हा टाच.
ती वाट बघून कंटाळते,
अक्षराचा पाय माझ्या मांडीवर टाकते.
"सगलीकडे लाव," म्हणते.