नववं रीळ

पहाटे पाचला पोवई नाक्यावर सातजण,
सीटखाली लुकलुकणारे लाल दिवे.
आठवी मी, एकोणपन्नास वर्षांची,
मुलानं पुण्याला जाताना मागं ठेवलेली सायकल घेऊन.
हँडल एडक्याच्या शिंगासारखं वळलेलं.
ते धरायचं म्हणजे आधी वाकायचं.

माहुलीच्या पुलावर कृष्णेचा गारठा
बाह्यांतून आत शिरला.
संगमावरची देवळं अजून अंधाराच्या ताब्यात,
एका दीपमाळेचा तेवढा आकार.
कुणी थांबलं नाही.
थांबलं की सरासरी पडते म्हणे.

पुढचा रस्ता सपाट नाही, घाटही नाही.
झटकून टाकलेल्या घोंगडीसारखा,
एक सुरकुती चढावी तोवर दुसरी.
किती वर्षं एसटीनं गेले इथून,
तेव्हा हे चढ नव्हतेच.
खिडकीला माळ दिसतो,
चढ मांड्यांना.

एका गावाची वेस : कमान आहे, दार नाही.
पाराला टेकवलेला वीरगळ,
त्यावरचा स्वार माझ्यासारखाच पुढं वाकलेला,
नाक झिजून गेलेलं.
डांबरावर घेवडा वाळत घातलाय,
चाकाखाली शेंगा तडकतात
आणि उंबऱ्यातून एक आजी ओरडते,
‘ओ बारीक चाकाच्या, कडंनं!’

रहिमतपूर मागं पडलं,
सातजण पुढच्या सुरकुतीआड गेले,
आणि मागच्या चाकानं सुस्कारा सोडला.
बाभळीचा काटा.

फाट्यावर पत्र्याचं दुकान, बाबालाल मुलाणी,
वय विचारलं तर म्हणाले, ‘ट्यूबचं का माझं?’
सायकल दोन बोटांवर उचलून बघितली.
‘हिच्यात लोखंड घालायचं इसरलं व्हय?’
ट्यूब घमेल्यात बुडवली,
एकच बुडबुडा, पुन्हा पुन्हा, त्याच जागी.
‘ह्यो रस्ता मी रोज रातच्याला मारायचो,’
कानशीनं रबर घासत म्हणाले.
‘रहिमतपुरात एक तंबू, औंधाला दुसरा,
पिक्चर दोन्हीकडं त्योच, पर प्रिंट एकच.
हितलं रीळ संपलं की डब्यात घालायचं,
क्यारेजला बांधायचं, अन् सुटायचं.
चढ मोजायचो गाण्यांवर.
ह्यो म्होरला दोन गाण्यांचा,
त्याच्या पल्याडचा एका मारामारीचा.’

एका रात्री उतारावर मधे म्हैस.
डबा फुटला,
नववं रीळ गडगडत घेवड्यात गेलं.
‘कंदिलानं बघतोय तर काय,
येलांवर समदीकडं हिरोइनी,
नखाएवढ्या,
एकीचंबी त्वांड दुसरीपेक्षा येगळं न्हाई.
गुंडाळायला सकाळ झाली.’

आणि औंधात?
‘आठव्यानंतर दहावं लावलं.
मेल्याला हिरो एकदम घोड्यावर!
कुनी इचारलं न्हाई, बाई.
शिट्ट्या मारल्या.’

सोल्युशन वाळायला वेळ लागतो.
आम्ही दोघं त्या काळ्या ठिपक्याकडं बघत बसलो.
चहा आला. वीस रुपये झाले,
चहाचे त्यांनी घेतले नाहीत.

मग दोन गाण्यांचा चढ.
पहिलं मी मनात म्हटलं,
दुसऱ्याच्या मध्यावर दम संपला.
मारामारीचा चढ उतरून चाललेच, निमूट.
उतारावर मात्र ब्रेकवरची बोटं काढली.
घेवड्यात काही चमकतंय का ते बघत होते,
दव होतं, आणि एका ठिकाणी गुटख्याची पुडी.

औंधात यमाईच्या डोंगराखाली
सातजण मिसळ संपवून बसलेले.
‘कुठं होतीस?’ निंबाळकरांनी विचारलं,
आणि माझ्या मनगटावरचं घड्याळ बघून म्हणाले,
‘अरे वा, टाइम तर चांगला आलाय!’

घड्याळाला थांबणं कळत नाही.
चाक थांबलं की ते डोळे मिटतं,
चाक फिरलं की पुढून मोजतं.
काटा, घमेलं, बुडबुडा,
त्या म्हाताऱ्याची काळी बोटं,
काहीच झालेलं नाही त्याच्या लेखी.

मी शिट्टी वाजवायला ओठ मुडपले.
ती मला कधीच जमली नाही.
नुसती हवा गेली.