घडी मोडणं

माझ्याकडे फोन येतो तो आजारी होऊनच.
काच तडकलेली, बॅटरी फुगून पाठ उचललेली,
चार्जिंगच्या भोकात वाळू, मक्याचं पीठ,
एकदा तर माशाचा खवला.
अक्राच्या सर्कल चौकात, पुलाच्या सावलीत
दीड हात टेबल, एक भिंग, एक दिवा,
आणि वीज गेली की शेजाऱ्याच्या जनरेटरची उधारी.
सतरा वर्षं झाली.
नवा फोन कसा दिसतो ते मला विचारू नका.
वैद्याला बारशाला कोण बोलावतं?

‘नवा आलाय म्हणे. घेऊ की थांबू?’
लोक विचारतात तेव्हा मी हमखास
टेबलाखाली स्क्रू शोधत असतो.
थांबा, म्हणतो तिथूनच.
माझं पोट थांबणाऱ्यांवर चालतं.

आमार्तेई मास्तर थांबतात.
गणित शिकवतात. पुढचा आला की ह्याची किंमत उतरेल, म्हणतात,
आणि उतरते.
मग म्हणतात, आता अजून एक येऊ दे.
तिसरी काच, दुसरी बॅटरी, वरून रबरबँड.
सहा वर्षांत त्यांचा हिशेब एकदाही चुकलेला नाही.
मुलीच्या लग्नातले फोटो तेवढे
धुक्यात काढल्यासारखे आलेत.
ते मला दाखवतात, एकेका डागावर बोट ठेवून:
ही आमची धाकटी. हे व्याही.
हा… थांब, आठवेल.

शुक्रवारी ड्झिफा आली.
टेमाच्या कोल्ड स्टोअरमध्ये गोठलेले बांगडे विकते,
बोटं कायम बधिर.
पिशवीतून खोका काढला. सील तसंच.
चौदा महिने, रोज भिशीवाल्याच्या वहीत एक रेघ.

मी म्हटलं, अगं, तीन महिन्यांनी
हाच पाऊण किमतीत मिळाला असता.
‘ठाऊक आहे,’ म्हणाली.
‘पाच बहिणींत मी चौथी.
माझ्या अंगावर आलेलं प्रत्येक कापड
आधी तिघींनी घातलेलं.
आणि थोरलीचं तरी कुठं कोरं?
तेही गाठोड्यातून आलेलं, बोटीतून,
कुठल्या तरी थंड देशात मेलेल्या बाईचं.
घडी मोडणं म्हणजे काय, आमच्या घरात
कुणालाच ठाऊक नाही.
चप्पल, बायबल, शाळेचं दप्तर, सगळं उतरलेलं.
नवराही,’ ती हसली, ‘दुसरीच्या हातचा.’

कारखान्यात कुणी ना कुणी हात लावलाच असेल, मी म्हटलं.
‘हातमोजे घालून. ते धरायचं नाही.’

घरी का नाही उघडला?
‘घरी उघडला तर आधी पोरं हात लावतील.
आणि एकटीनं उघडला
तर उघडला हे कुणी पाहिलं?’

मग तिनं काचेवरची पापुद्र्याएवढी पट्टी
एका कोपऱ्यातून नखानं उचलली
आणि ओढली. हळू.
सावकाश, जसं कुणी
झोपलेल्या मुलाच्या अंगावरचं पांघरूण काढतं—
नाही, तसंही नाही.
तसा आवाज मी आधी ऐकला नव्हता.
केंके विकणारी बाई पळी हातात धरून बघत राहिली.
काळ्या काचेत आधी पूल आला, उलटा,
मग ड्झिफा, मग कडेनं मी.
एकही डाग नाही.

‘धर,’ म्हणाली.
मी हात पँटला पुसले. परत पुसले.
सोल्डरचा काळा रंग सतरा वर्षांचा, तो काय निघतो.
अंगठा उमटलाच.

गार्ड लावला तेव्हा तो ठसा पुसायचा राहून गेला,
कोपऱ्यात, आतल्या बाजूनं.
काढून पुन्हा लावतो, फुकट, म्हटलं.
खोका छातीशी धरून ती तोवर
ट्रोट्रोत चढली होती.

वर्षभरात येईल ती काच तडकून.
येतातच.
पैसे घेईन तेव्हा, पुरते घेईन.

शनिवारी मास्तर आले.
‘काय रे, आला म्हणे नवा. कसा आहे?’
मी स्क्रू शोधायला खाली वाकलो.
सगळे स्क्रू टेबलावरच होते.