आठला दहा कमी

सकाळी आठला दहा कमी असताना
ते हलतं.
एरवी दिवसभर सुस्त. मी शिवणयंत्र चालवते,
टेबल थरथरतं, माझी कोपरं थरथरतात,
त्याला त्याचं काही नाही.
पण आठला दहा कमी झाले की
आधी एक ढुशी, मग लांबलचक वळण,
कुणी कूस बदलून दाराकडे तोंड करावं तसं.

डॉक्टर एतेरीनं कागदावर लिहून दिलं होतं:
सातवा लागला. आता त्याला ऐकू येतं.
मी कागदाची घडी घातली,
उलगडली, पुन्हा घातली.
घरात ऐकणारे आता दोघं.
मी नाही त्यात.

मग शोधाला लागले.
कुताइसीची सकाळ मला डोळ्यांनी पाठ आहे.
चर्चची घंटा खिडकीतून हलताना दिसते,
पण ती नऊला.
दहीवाली नानूली ओरडते तेव्हा तिच्या मानेची शीर फुगते,
पण ती येते सोमवारी आणि गुरुवारी.
खालच्या वार्लामच्या कुत्र्यानं
भुंकणं कधीच सोडून दिलंय.
मालखाझला विचारलं, तेव्हा काय वाजतं?
त्याची बोटं माझ्या भाषेत अजून तोतरी.
'काही नाही,' म्हणाली,
आणि खिशात गेली.

खिशात गेलेल्या हातांवर माझा विश्वास नाही.

बुधवारी अनवाणी न्हाणीघरापर्यंत गेले.
दार बंद. फटीतून वाफ.
फळीला तळहात लावला.
लाकूड बोलत होतं.
यंत्रासारखं नाही, सरळ धावणारं नाही;
जाड, खालून, थांबत थांबत,
जिन्यात कुणी पोतं टेकवावं, दम घ्यावा,
पुन्हा उचलावं.
आत ते वळलं.

मी दार ढकललं.
अर्ध्या गालावर फेस, तोंड उघडंच.

आरशावरच्या वाफेत त्यानं बोटानं लिहिलं,
तळव्यानं पुसलं, पुन्हा लिहिलं:
भाऊ पोलंडला गेले फरश्या बसवायला.
वरचे दोन्ही आवाज गेले.
माझा तळाचा. एकटा म्हणजे
नुसताच पाया, घर नाही.
मग बराच वेळ काही नाही.
मग, कोपऱ्यात, बारीक अक्षरात:
आणि तुझ्यासमोर गायचं
म्हणजे उपाशी माणसापुढे जेवायचं.

चार वर्षं हा माणूस
दार लावून जेवत होता.

त्याचा फेसाळ गाल धरून खाली ओढला,
टेकवला इथे, बेंबीच्या जरा डावीकडे.
एक हात त्याच्या गळ्यावर, एक पोटावर.
गळा सुरू झाला.
मी वाट पाहिली.
लाथ आली, पण उशिरा,
आणि भलत्याच जागी.

मालखाझ थांबला. वर बघून
ओल्या बोटांनी म्हणाला: बेताल आहे.

गळ्यावरचा हात मी क्षणभर काढला.
नवीन आहे, म्हटलं.
पुन्हा घे.
हात परत ठेवला.