शून्य बाइटचं कुलूप

"बंद केलं तरी बंद होत नाही,"
एवढंच फोनवर म्हणाल्या वेल्गा.
मला वाटलं नळ. किंवा हीटर.
लिएपायात नोव्हेंबरात लोक याच गोष्टींसाठी फोन करतात,
आणि मी, संगणकवाला, नाही म्हणत नाही.

नळ नव्हता.
ईमेलचा प्रोग्राम होता.
कोपऱ्यातल्या फुलीवर टिचकी मारली की खिडकी जाते,
अगदी शहाण्यासारखी जाते,
आणि पुन्हा उघडायला जावं तर पाटी:
आधीच चालू आहे, पण प्रतिसाद देत नाही.
"माझा भाऊ असाच होता," वेल्गा म्हणाल्या
आणि कॉफी ठेवायला गेल्या.

आत काय काय जागं आहे, त्याची यादी मी उघडली.
होता तिथे. वरून तिसरा.
खिडकी नाही, आवाज नाही,
नुसती मेमरी अडवून बसलेला,
हात वाळले तरी पानावरून न उठणारा पाहुणा.
मारला. उघडला, मिटला,
पुन्हा तोच.

त्याच्या फोल्डरात एक कुलूप सापडलं.
फाइल म्हणायची म्हणून फाइल:
आकार शून्य बाइट.
आत एक अक्षर नाही
आणि तिच्या नुसत्या असण्यानं दार अडलेलं.
पुसली.
उद्या परत असेल, हे मला माहीत होतं.

मग नोंदी वाचल्या, एकेक ओळ.
वेल्गांची खाती दोन.
एक साधं, मुलीनं काढून दिलेलं.
दुसरं मासे डबाबंद करणाऱ्या कारखान्याचं,
जिथे एकतीस वर्षं त्यांनी
स्प्रॅटच्या पेट्यांचा हिशोब ठेवला,
आणि ज्याचा सर्व्हर दोन वर्षांपूर्वी
फडताळं, वजनकाटे, भिंतीवरचं घड्याळ
यांच्यासकट लिलावात गेला.

प्रोग्रामला कुणी सांगितलंच नाही.
मिटताना तो दोन्हीकडे कळवतो: निघतो आता.
रीत अशी की पलीकडून 'बरं, या' यावं, मगच उठायचं.
एकीकडून येतं.
दुसरीकडे तो थांबतो
शंभर सेकंद.
वेल्गांना कुठला तेवढा धीर!
तिसाव्या सेकंदाला त्या पुन्हा दार वाजवतात.

निरोप पाठवणं आणि निरोप घेणं
एकाच शब्दात भागवणाऱ्या भाषा असतात म्हणे जगात.
या यंत्राची त्यातलीच असावी.

"खातं काढून टाकू," मी म्हणालो.
"जुनी पत्रं वेगळी ठेवतो, एकही जाणार नाही."
वेल्गा कप पुसत राहिल्या,
पुसून झालेला.
"इमान्त्स पगारपत्रकाचं कळवणार होता," म्हणाल्या,
आणि त्यांचं त्यांनाच हसू आलं.
"शंभराचं काही कमी नाही का होत?"

होतं. सेटिंगमध्ये एक चौकट असते.
"किती करू?"
"बारा," त्या लगेच म्हणाल्या.
"सुटीचा भोंगा बारा सेकंद वाजायचा.
मोजलाय मी."

बारा लिहिले.
त्यांनी फुलीवर टिचकी मारली,
हात मांडीवर घेतले
आणि ओठ हलवत मोजू लागल्या.
नवाला माझी कोटाची एक बाही राहिली होती.
तशीच ठेवली.