सतरावं कार्ड

वार्लामची वाचा बसली ती मागच्या ऑक्टोबरात,
द्राक्षांच्या तोडणीत, टोपली अर्धी भरलेली असताना.
त्याची बायको त्सिसाना पहिल्याच दिवशी मला विचारते,
"बसलेली वाचा उठते का हो, बाई?"
मी म्हणते, आपण मोजू.
मला तेवढंच येतं.

कुताइसीचा दवाखाना, तिसरा मजला,
नदीकडची खोली. खाली रिओनी
पांढऱ्या दगडांशी दिवसभर काहीबाही बोलत असते,
ध्वनिमुद्रणात तीही येते, मग तिला गाळावं लागतं.
टेबलावर साठ कार्डं, एकेकावर एकेक चित्र.
वीस सेकंद थांबायचं. सुचवायचं नाही.
ओठ हलवायचे नाहीत. मानही नाही.

किल्ली.
"ते... घराचं... घराची जीभ."
गुण शून्य.
रात्री भांडी घासताना मी पुन्हा म्हणून बघते:
घराची जीभ.

छत्री.
"नको."
शून्य.

शिडी.
अकरा सेकंद पडद्यावरची रेघ आडवी पडून.
मग एक श्वास, रेघेला बारीक कुसळ फुटतं,
आणि शिवी. स्वच्छ, सगळे वर्ण जागच्या जागी.
शिव्या शाबूत राहतात. वारांची नावं, प्रार्थना, एक ते दहा.
त्यांची खोली वेगळी, तिचं कुलूप वेगळं,
असं आम्ही म्हणतो
आणि दर परिषदेत त्या खोलीची जागा बदलतो.

सतरावं कार्ड. पेला.
हा माणूस चाळीस वर्षं तमादा होता,
मेजवानीचा सूत्रधार. लग्नात, बाप्तिस्म्यात, मर्तिकाच्या जेवणात
त्यानं उठून चार शब्द बोलल्याशिवाय
आसपासच्या खेड्यांत कुणी घोट घेत नसे.
तो चित्राकडे बघतो.
अठरा सेकंद. एकोणीस.
"चप्... चम्... बैल."
शून्य.
(शिंगाच्या पेल्यातून पीत असे तो.
हे मला आठवड्यानं सुचलं.)

त्सिसाना कोपऱ्यातून उठते. तिनं उठायचं नसतं.
खिडकीतला माझा पाण्याचा पेला घेते
आणि त्याच्या डाव्या हातात देते.
उजवा अजून झोपलेला आहे.

तो उभा राहतो.
"इथं बसलेत त्यांच्यासाठी,
वाटेत आहेत त्यांच्यासाठी,
पण आधी ज्यांची खुर्ची रिकामी आहे त्यांच्यासाठी,
कारण त्यांनी आपल्यापेक्षा जास्त वाट पाहिली.
आणि त्यांतही आधी, आपला..."

इथे नाव यायला हवं.

व्हरांड्यातली औषधांची ढकलगाडी थांबली आहे.
पेला हवेत, पाणी डुचमळतं.
मी सेकंद मोजत होते, आणि मोजायची राहून गेले.

मग तो बसला. पाण्याला तोंड लावलं नाही;
पाण्यानं कुणाचं भलं चिंतत नाहीत.

"बोलला ना?" त्सिसाना म्हणाली. "मग शून्य कसं?"
मी समजावलं: हे घोकलेलं असतं, आजी,
जिभेला वळण पडलेलं. ते धरत नाहीत.
तिनं माझ्याकडे बघितलं,
मुलीनं भात करपवल्यावर बघावं तसं.
"चाळीस वर्षांत त्यानं एक वाक्य दोनदा वापरलं नाही.
आत्ताचं हे
मी पहिल्यांदाच ऐकलं."

तक्त्यात सतराच्या पुढे शून्य लिहिलेलं होतं.
मी ते खोडलं नाही. दुसरं काही लिहिलंही नाही.
अठरावं कार्ड उलटलं: कंगवा.
"कंगवा," वार्लाम म्हणाला, लगेच,
जणू त्यात काय विशेष.

रात्री मुद्रण ऐकते.
नावाच्या जागी सव्वीस सेकंद आहेत.
त्यांतून नदी गाळून पाहिली,
तर खाली काहीच उरेना.
राहू दिली.